विमानतळ दारात, पण पोरांच्या हाताला काम का नाही? पनवेलच्या गावांत नेमकं अडलंय कुठे

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. पहिल्या टप्प्यातच वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता. एवढा मोठा प्रकल्प शेजारी आल्यावर पनवेल-उलवे पट्ट्यातल्या पोरांची चांदी झाली असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहिलं, त्यांच्या घरातल्या पंचविशीतल्या मुलाला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

हा गुंता समजून घ्यायचा तर थोडं मागे जायला लागेल.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. नवं शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. इथली वस्ती मुख्यतः आगरी, कोळी, कराडी समाजाची. भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी हे पोटापाण्याचे उद्योग. बायका या सगळ्यात राबायच्याच, पण मुलाच्या बाबतीत एक गोष्ट ठरलेली होती. बापाच्या मागे शेताच्या बांधावर किंवा होडीत जायचं, हात बसला की कमावता व्हायचं. त्यासाठी कुणी दहावीचा निकाल किंवा बायोडाटा मागत नव्हतं.

जमीन गेली तशी ही वाटही बंद झाली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी पुढे हेच प्रमाण साडेबावीस टक्के झालं.

आता जुन्या योजनेचं साधं गणित बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के वजा होतात, म्हणजे हातात साडेतीन गुंठे. आजोबांचे तीन मुलगे आणि त्या प्रत्येकाला दोन मुलगे असतील, तर एका नातवाच्या वाट्याला अर्ध्या गुंठ्याच्या आसपास जागा येते. तीही मुलींना हिशेबात न धरता. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिलाय, पण प्रत्यक्षात बऱ्याच घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते.

अर्थात इथल्या जागेला भाव आहे, हे खरं. कुणी भूखंड बिल्डरला दिला, कुणी चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या. भाड्यावर घर चालतं, पण भाडं हा काही धंदा नाही जो बापाने मुलाला शिकवावा. शिवाय ते बापाच्या खात्यात जमा होतं. तिशीतला मुलगा पेट्रोलचे पैसे घरी मागतो, आणि गाव मात्र म्हणतं, 'याला काय कमी आहे!'

ज्यांना स्वतःचं काहीतरी करायचं होतं, त्यांतले बरेच जण डंपर, जेसीबी, पोकलेनकडे वळले. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, भराव घातला. तेव्हा गाड्यांना काम होतं. पण सपाटीकरण कधीतरी संपतंच. गाडीचा हप्ता मात्र संपत नाही.

मग विमानतळावरच नोकरी का नाही? कारण तिथे नोकरी देणारा मालक एक नाही. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. सुरक्षेचं काम सीआयएसएफकडे, आणि त्याची भरती देशपातळीवर. विमान कंपन्या आपली माणसं स्वतः घेतात. साफसफाई, सामान चढवणं-उतरवणं, पार्किंग अशी कामं बहुतेक ठेकेदारांमार्फत होतात. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये सिडकोला घेराव घालता आला, कारण समोर एक इमारत होती. नोकरीसाठी घेराव कुणाला घालायचा?

'स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या' हे तुम्ही ऐकलं असेल. राज्य सरकारच्या त्या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेली व्यक्ती. त्या व्याख्येत पनवेलचा मुलगा आणि नांदेडचा मुलगा सारखेच. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याचा लाभ एका कुटुंबात एकालाच. दाखला कुणाच्या नावावर करायचा, यावरून सख्ख्या भावांत अबोला यायला वेळ लागत नाही.

त्यात शिक्षणाचा मुद्दा. २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्यात ९४.५८ टक्के मुली पास झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. 'जमीन आहे, काहीतरी होईल' या भरवशावर कॉलेज सोडलेल्या मुलाकडे आज जमीनही नाही आणि पदवीही नाही.

या सगळ्याचा हिशेब लग्नाच्या वेळी मांडला जातो, आणि तो फक्त पनवेलमध्येच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले, व्हिडिओ व्हायरल झाला. पण २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६ वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ९१३ मुली होत्या, आणि तीच पिढी आज लग्नाच्या वयात आहे. २०११ मध्ये हा आकडा ८९४ वर आला. गर्भातच मुली मारण्याची किंमत आधी मुलींनी मोजली, आता मुलगेही मोजतायत. बाकी स्थळ बघताना शेती हवी पण मुलगा शेतकरी नको, ही अट तर सगळ्यांनाच पाठ आहे. पनवेलकडे त्यात हळदीचा खर्च मिळवा. गावजेवण, डीजे, मांडव. हात आखडता घेतला तर 'घर बसलं' अशी कुजबुज सुरू होते.

नोकरी नाही, लग्न जमत नाही, आणि यावर बोलायचं तर मित्रांच्या ग्रुपवर चेष्टा. पुरुषाची किंमत अजूनही कमाईवरच ठरते आणि ती ठरवण्यात बाकीचे पुरुषच पुढे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, त्यात १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांत सात. राज्यांमध्ये सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात, २२,७४६.

सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र केव्हाही. स्वतःसाठी नाही, तर ग्रुपवर बरेच दिवस गप्प असलेल्या मित्रासाठी नंबर सेव्ह करून ठेवा.