पॉवर बँक मोठ्या बॅगेत नको

आमच्या किन्हीराजातील एक मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला निघाला. घरातला पहिलाच विमानप्रवास. आईने नवी कोरी पॉवर बँक कपड्यांच्या घडीत, मोठ्या बॅगेच्या तळाशी जपून ठेवली. विमानतळावर ती बॅग अडली. सर्वांसमोर कपडे उपसावे लागले, विमान चुकता चुकता राहिले. चूक मायेपोटी झाली. नियम कोणी सांगितलाच नव्हता.

आज आपल्या भागातील कितीतरी मुले-मुली नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून शिक्षणाला, नोकरीला जातात. म्हणून हे घरोघरी माहीत हवे.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. ही बॅटरी बिघडली की आतून तापत जाऊन पेट घेते. माणसांत असेल तर कर्मचारी पाणी ओतून थंड करतात. सामानाच्या कप्प्यात कोण पाहणार? २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर उभे विमान जळाले. सुदैवाने आतील १७६ जण बाहेर पडले. पॉवर बँकेतील बिघाड हेच संभाव्य कारण चौकशीत पुढे आले.

आता हिशेब. पॉवर बँकेवरील एमएएचचा आकडा ३.७ ने गुणा, १००० ने भागा, वॅट-तास मिळतील. १०,००० ची ३७, २०,००० ची ७४. शंभरापर्यंत चालते. ३०,००० ची १११ होते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर मनाई. आकडा पुसलेली पॉवर बँक अडवली जाऊ शकते, म्हणून स्वस्तातली, बिननावाची घेऊ नका.

भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२५ च्या परिपत्रकानुसार विमानात पॉवर बँकेने मोबाइल चार्ज करता येत नाही, ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवायची नाही. मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

सुट्या बॅटरीची टोके चिकटपट्टीने झाका. दारापाशी हातातली बॅग खाली ठेवायला मागितली, तर पॉवर बँक आधी काढून घ्या. लॅपटॉपही जवळच बरा. आजी-आजोबांचे साध्या सेलवरचे रक्तदाब यंत्र चालते; कानातले श्रवणयंत्र लावूनच बसावे.

ई-सिगारेट मात्र घेऊच नका. २०१९ पासून देशात तिच्या विक्रीवर व आयातीवर बंदी आहे.

आई-बाबांनो, लेकराची बॅग भरताना पॉवर बँक शेवटी भरा, आणि ती त्याच्या हातातल्या बॅगेत.