न्हाणीतला गॅस आणि हवेची वाट



आज पिकाची गोष्ट नाही, न्हाणीची आहे.

मागच्या थंडीत नेऱ्याकडच्या एका गावी वालाच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसंबंधी सांगायला गेलो होतो. काम आटोपल्यावर घरमालकाने हौसेने नवे घर दाखविले. स्लॅबचे घर, न्हाणीला छतापर्यंत पांढऱ्या फरश्या, घट्ट बसणारे प्लास्टिकचे दार, काचेची खिडकी, आणि भिंतीवर गॅसचा गीझर. "साहेब, बंब गेला, धुराचा ताप मिटला," ते म्हणाले. मी विचारले, "ह्याचे धुराडे कुठे आहे?" ते हसले. "धूरच नाही, तर धुराडं कशाला?"

प्रश्न वाजवी वाटतो, आणि माणूस तिथेच फसतो.

आपला जुना तांब्याचा बंब आठवा. त्याच्या पोटातून नळी वर जात असे आणि तो बहुधा पडवीत किंवा मागील दारी उघड्यावर पेटत असे. चुलाणही बाहेरच. आत धूर कोंडला तर डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, माणूस आपोआप बाहेर पडायचा. म्हणजे धूर हा त्रास होता तसा राखणदारही होता. शिवाय घर कौलारू. कौलांच्या फटींतून, कुडाच्या भिंतींतून, दाराखालून हवा खेळत असे. आता राखणदार गेला आणि फटीही गेल्या. जाळ मात्र राहिला, आणि तो घरात आला.

कोणत्याही जाळाला हवा लागते. स्वयंपाकाचा १ किलो गॅस नीट जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा खर्च होते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गीझर पूर्ण चालविला तर तासाला जवळजवळ १ किलो गॅस जाळतो. आता आपली न्हाणी मोजा. ४ फूट रुंद, ५ फूट लांब, ८ फूट उंच धरली तर तीत जेमतेम साडेचार घनमीटर हवा मावते. दार-खिडकी बंद करून गीझर १० मिनिटे चालला की २ घनमीटर हवा त्याने वापरली, म्हणजे जवळजवळ निम्मी. उरलेली हवा तुमच्या श्वासाला, आणि तीही जळलेल्या वायूंत मिसळलेली.

हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. सिलिंडर गळला तर जो उग्र वास येतो, तो कंपनीने मुद्दाम घातलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो वास राहत नाही. आपल्या रक्तातला तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, पण त्याची ओढ प्राणवायूपेक्षा ह्या वायूकडे दोनशे पटींहून अधिक आहे. एकदा हा वायू चिकटला की प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतली ताकद जाते. कडी हाताच्या अंतरावर असते, पण ती काढण्याइतके बळ किंवा भान राहत नाही.

२०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दमन येथे केरळहून गेलेले ८ पर्यटक एका हॉटेलच्या खोलीत असेच दगावले. त्यांत ४ लहान मुले होती. थंडी म्हणून गॅसचा हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या.

इतके लांब कशाला जा! माझ्याच पनवेलच्या भाड्याच्या घरी मुलगी एकदा आंघोळ करून आली ती डोके धरून बसली. आम्ही म्हटले, पित्त झाले असेल. आठवड्याने पुन्हा तेच झाले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुमच्याकडेही चक्कर आली की उपवास, पित्त, नाहीतर बाहेरची बाधा असे म्हणून सोडून देतात. खूण ध्यानात ठेवा. न्हाणीतून आल्यावर डोके दुखते आणि अंगणात बसले की उतरते, किंवा घरात एकापेक्षा अधिक जणांचे एकदम दुखते, तर संशय गीझरवर घ्यावा.

मी शेतकीचा पदवीधर, गॅसचा मिस्त्री नव्हे. तरी चौकशी करून आणि स्वतःच्या घरी करून पाहिलेले सांगतो. सर्वांत उत्तम म्हणजे गीझर न्हाणीत ठेवूच नये. मागील पडवीत, पागोळ्यांपासून आणि वाऱ्यापासून आडोसा असेल अशा जागी उघड्या बाजूला तो बसवावा, आणि गरम पाण्याची नळी तेवढी भिंतीतून आत घ्यावी. पाच-सहा फूट नळीचा काय तो खर्च. आमच्याकडे एका दुपारीत काम झाले.

ते होईपर्यंत घरात एक नियम पाळा. आधी दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, आणि मगच आंघोळीला जा. जाळ चालू आणि माणूस आत, असे होऊ देऊ नका. एकामागून एक पाच-सहा जण आंघोळ करतात तिथे तर शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यांची उरलेली हवा येते, आणि शेवटी जाते ती बहुधा सर्वांचे आवरून देणारी घरची बाई.

न्हाणीला दोन झरोके पाहिजेत, एक जमिनीलगत आणि एक छताखाली, दोन्ही बाहेर उघडणारे. जळालेले वायू गरम असल्याने वर चढतात आणि वरून निघून जातात, ताजी हवा खालून येते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर खालच्याच वाटेने निघतो. पनवेल शहराकडे नळाने येणारा गॅस हलका, तो वरून जातो. म्हणून एकावर भागत नाही. प्रत्येक झरोका निदान १० इंच लांब-रुंद असावा. डासांसाठी जाळी लावाल तर आणखी थोडा मोठा, कारण तारा जागा खातात आणि कोळिष्टके उरलेली.

आपल्याकडे खरी गंमत पावसाळ्यात होते. झड आत येते म्हणून झरोक्याला खताची गोणी किंवा प्लास्टिक ठोकतात, आणि ते थंडीपर्यंत तसेच राहते. बंदच करायचा तर झरोका ठेवला कशाला? वरून पत्र्याची लहान छपरी काढा, पाणी येणार नाही आणि हवाही अडणार नाही.

हवा बाहेर ओढणारा पंखा लावला म्हणजे झाले, असेही नाही. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा धुराड्यातूनच जळका वायू उलटा आत ओढतो. निळी ज्योत चांगली, पिवळी व काजळी धरणारी वाईट, हे खरे. पण बंद खोलीत निळ्या ज्योतीवरही विसंबू नये.

ज्यांच्याकडे गीझर नाही त्यांनीही हे वाचावे, विशेषतः घरात बाळंतीण असेल तर. वारा लागू नये म्हणून दारे लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. कोळशाला धूर नसतो, पण हाच वायू तो भरपूर सोडतो. आजीबाईंना राग येईल, तरी सांगतो. कापड बाहेर शेगडीवर गरम करून आत आणा, शेक द्या. रात्रभर शेगडी आत नको. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिलांना ऊब द्यायला शेगडी लावून तिथेच झोपणाऱ्या राखणदारालाही हेच लागू.

कोणी आत पडलेच तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नका. त्याला प्राणवायू लागतो आणि तो दवाखान्यातच मिळतो. डॉक्टरांना 'गीझर चालू होता' हे आवर्जून सांगा. करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे यंत्र इथे फसविते. त्याला दोन वायूंतला फरक कळत नाही, ते ९८ दाखवील आणि माणूस गुदमरलेला असेल.

आज संध्याकाळी एक करून पाहा. गॅसचा वास येत नाही याची खात्री करा, गीझर चालू करून न्हाणीचे दार लावा, आणि तुम्ही बाहेर उभे राहा. मिनिटभराने बाहेरूनच उदबत्ती आधी खालच्या झरोक्याशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग वरच्या झरोक्याशी धरा, तिथे तो बाहेर ढकलला गेला पाहिजे. धूर जागीच घोटाळला किंवा उलटा गेला तर गीझर बंद करा, आणि वाट मोकळी होईपर्यंत पाणी चुलाणावर तापवा.