हॅटन्स बंद झालं, आता जुनी इंजिनं कुठे मिळणार?

जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ‘हॅटन्स’ने जाहीर केलं की आम्ही दुकान कायमचं आवरतोय. हे मॉडेल रेल्वेचं दुकान. १९४६ मध्ये नॉर्मन हॅटन यांनी लिव्हरपूलमध्ये सुरू केलेलं, २०१६ मध्ये जवळच्या विड्नेसला हललेलं. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमला भरणारं वॉर्ली क्लबचं मोठं वार्षिक प्रदर्शनही बंद झाल्याची बातमी आली. तिथल्या शौकिनांसाठी वर्षाची सुरुवातच वाईट झाली.

आपल्याला काय त्याचं? एक उदाहरण घेऊ. समजा, जयपूरजवळच्या सांगानेर स्टेशनचं मॉडेल करायचंय, मीटरगेजच्या काळातलं. सवाई माधोपूरकडे जाणारी ती लाइन १९०७ मध्ये जयपूर संस्थानाने सुरू केली आणि १९९० च्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. मॉडेलवाल्यांचं सर्वांत चालतं प्रमाण १:८७. मीटरगेजच्या रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, भागिले ८७, म्हणजे साडेअकरा. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, पण ते मुख्यतः स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्यांसाठी केलेले. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर याच हिशेबाने १९.३ होतात आणि तयार रूळ असतात १६.५ चे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ च्या गेजवरून आले. त्यामुळे आपली मंडळी बहुधा १६.५ वरच ब्रॉडगेज चालवतात आणि फरकाकडे कानाडोळा करतात. मीटरगेजवाल्याला तीही सोय नाही. त्याने परदेशी इंजिनाची मोटर आणि चाकं घ्यायची, वरचा डबा पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा, स्वतःच्या हाताने करायचा.

म्हणजे त्याला नवं कोरं इंजिन नकोच आहे. रंग उडालेलं, डब्याचा कोपरा फुटलेलं पण मोटर चालू असलेलं जुनं इंजिन हवंय, स्वस्तात. अशा मालासाठी हॅटन्ससारखी दुकानं लागतात. नव्या मालाबरोबर त्यांचा जुन्या मालाचा व्यवहार मोठा होता. कुणी म्हातारा शौकीन गेला की घरच्यांना माळ्यावर शंभर खोकी सापडतात. त्यातलं काय मोलाचं आणि काय भंगार, हे त्यांना कुठून कळणार? दुकान तो सगळा संग्रह एकरकमी विकत घ्यायचं, एकेक इंजिन तपासायचं, दोष लिहून पुन्हा विकायला ठेवायचं. माझ्या मते दुकानाची खरी किंमत या तपासणीत होती.

मग बंद का पडलं? काही वर्षं तोटाच होत होता, असं दुकानानेच सांगितलं. हा धंदा कसा चालतो ते पाहिलं की नवल वाटत नाही. हॉर्नबीसारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकातच उत्पादन चीनला नेलं. तिथे माल ठरावीक नगांच्या खेपांत बनतो. दुकानदार आधी मागणी नोंदवतो, माल कधी येईल याची वाट पाहतो, आल्यावर पैसे गुंतवतो, आणि उरलेला माल कपाटात बसतो. खपणारा माल मात्र कंपनी आता स्वतःच्या साइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकते. मधल्याच्या हाती उरतं भाडं, पगार आणि न खपलेली खोकी.

दुकान बंद झालं की सगळं संपतंच असंही नाही. अमेरिकेत डेन्व्हरचं ‘कबूस हॉबीज’ १९३८ पासूनचं. ते २०१६ मध्ये बंद झालं आणि पुढच्याच वर्षी जवळच्या लेकवूडला नव्या मालकांनी ‘कबूस’ नावाने पुन्हा उघडलं.

आपल्याकडे मुळात असं दुकान नसतानाही पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेंचं संग्रहालय उभं केलं, १ एप्रिल १९९८ ला. सिग्नल, पूल, घाट, सगळं चालतं. मुलांना जरूर न्या. पण प्रत्येकाला तेवढी चिकाटी आणि तेवढी जागा कुठून मिळणार? त्यात खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्याही खेळण्यांतच मोडतात. त्यामुळे बाहेरून थोडाथोडा माल मागवणं महाग पडतं.

तेव्हा सांगानेरवाल्याने आता काय करायचं? लिलावाच्या साइट्स आहेत, पण तिथे विकणारा ‘चालू आहे की नाही, तपासलेलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. फोटोत चाकं दिसतात, मोटर जळलीय का ते दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे इंजिन चालतानाचा व्हिडिओ मागा, दोन्ही दिशांना, हळू वेगात. आणि तुमच्या स्वतःच्या घरी अशी खोकी असतील तर प्रत्येकात एक चिठ्ठी टाकून ठेवा: कोणत्या कंपनीचं, काय बिघडलंय, कोणता भाग बदललाय. मागे राहिलेल्यांना ती वाचता येईल.