कथेतल्या पात्रांना थोडं कमी बोलू द्या

कथा लिहिणाऱ्यांसाठी आज फक्त संवादांबद्दल. नव्या लेखनात मला सगळ्यात जास्त खटकतं ते पात्रांनी एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती पुरवणं. "तुला माहीतच आहे, बाबा गेल्यापासून दुकान दादाच बघतो." हे वाक्य बहिणीसाठी नाही, वाचकासाठी आहे. त्याऐवजी बहीण विचारते, "किल्ल्या कुणाकडे असतात आता?" आणि आई म्हणते, "आधी जेवून घे." उत्तर टाळलं गेलं की घरातला ताण न सांगता दिसतो.

हाकही वाया घालवू नका. कायम 'अहो' म्हणणारी बायको भांडणात एकदम 'तू'वर आली, तर 'ती संतापून म्हणाली' लिहायची गरजच उरत नाही. एरवी साधं 'म्हणाला' पुरतं. 'उद्गारला', 'कडाडला' यांची रांग लागली की नाटक कंपनी आल्यासारखं वाटतं.

बोलीभाषेला बिचकत असाल तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कादंबरी वाचा. पात्रं वऱ्हाडी बोलतात, तरी विदर्भ न पाहिलेला वाचक अडत नाही; शब्द अनोळखी असला तरी प्रसंग अर्थ पोचवतो. म्हणून कथेत तळटीपा नकोतच (खुशाल वाद घाला). पण जी बोली कानावरून गेलेली नाही, तिचे 'हाय', 'न्हाय' उगाच पेरू नका.

लिहून झालं की संवाद दुसऱ्या कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्या. वाचणारा जिथे नकळत शब्द बदलतो, ते वाक्य आधी दुरुस्त करा.