बोलीची देवघेव

परदेशी विद्यार्थ्याने धीर करून मराठीत एखादे वाक्य उच्चारले की आपण कौतुकाने हसतो आणि तत्काळ इंग्रजीत उत्तर देतो. यात सौजन्य असते हे खरे. परंतु त्या सौजन्याने त्याची भाषा तेथेच खुंटते आणि ओळखीची मैत्रीही होत नाही.

याच्या उलट घडले तर काय होते? मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी फलटणच्या बोलीच्या अभ्यासात रमल्या. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे व्याकरण १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्या भारताच्या नागरिक होऊन फलटणकरच झाल्या. आपल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ साली इंग्रजीत आणले. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी केलेला प्राचीन मराठीचा कोश तुळपुळ्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

वस्तुविनिमयात गरजांचा दुहेरी मेळ बसावा लागतो, असे आम्ही वर्गात शिकवितो. शेतकऱ्याला कापड हवे आणि विणकराला नेमकी ज्वारीच हवी, तरच सौदा जमतो. भाषेच्या देवघेवीत हा मेळ सहज बसतो. शिवाय ज्वारी दिली की कोठार रिते होते. शब्द दिल्याने काही उणे होत नाही. खर्ची पडतो तो वेळ, आणि तोच आपण देत नाही.

अकोल्यास शिकणाऱ्या एका टांझानियन तरुणाशी दर रविवारी तासभर मराठीत बोलण्याचा माझा परिपाठ आहे. मोबदल्यात तो मला स्वाहिली शिकवितो. त्या भाषेत ‘चाय’ आणि ‘चपाती’ आहेत, दुकानाला ‘दुका’ म्हणतात. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराचा धडा मला असा नव्याने मिळाला. एकदा त्याने विचारले, “सर, पुस्तकात ‘मी जात आहे’ लिहिले आहे. इथे सगळे ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतात. चूक कोणाची?” चूक कोणाचीच नाही, त्या रूपालाही नियम आहे, हे मी त्याला सांगितले. हेच उत्तर आपण आपल्या मुलांना क्वचितच देतो. पुण्यास शिकावयास गेलेला वऱ्हाडी मुलगा पहिल्याच आठवड्यात ‘मले-तुले’ गिळून टाकतो. या परक्या तरुणाला मात्र खानावळीतील मावशींची बोली प्राध्यापकाच्या भाषेइतकीच मराठी वाटते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याने आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांनी परदेशी, तसेच परप्रांतीय विद्यार्थ्यांसाठी असा संभाषणाचा तास सुरू करावयास हरकत नसावी. त्याला अनुदान लागत नाही. दोन खुर्च्या पुरतात. परीक्षा आणि प्रमाणपत्र मात्र कटाक्षाने टाळावे, नाहीतर पहिल्याच महिन्यात त्याचे मार्गदर्शक निघेल. आणि समोरचा अडखळला तरी इंग्रजीत शिरावयाचे नाही, एवढी एक अट यजमानावर असावी.