आधी धावपट्टी

25 नोव्हेंबर 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-30 मधून आकाशात गेल्या. वय 74. अंगात लढाऊ वैमानिकांचा जी-सूट, पुढे विंग कमांडर एस. साजन आणि मागच्या आसनावर तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती. अमरावतीला त्या बातमीचं अप्रूप अंमळ जास्तच होतं. प्रतिभाताई इथल्या शेखावत घराण्याच्या सूनबाई आणि इथल्या माजी खासदार. अर्ध्या तासाचं ते उड्डाण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्या ज्या आसनावर बसल्या होत्या, त्याची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगितली नाही.

युद्धात त्या मागच्या आसनावरचा अधिकारी रडार आणि शस्त्रं सांभाळतो, पुढचा वैमानिक विमान चालवतो. शत्रूचं विमान अडवायचं असो की जमिनीवरचा तळ फोडायचा असो, दोन्ही कामं हीच जोडी करते. सुखोईच्या पंखांखाली आणि पोटाखाली मिळून आठ टन शस्त्रसंभार लटकतो. पण हे हल्लीचं झालं. साठ वर्षांपूर्वी ही कामं वेगळी होती, त्यांची विमानंही वेगळी होती.

लढाऊ विमानाचं काम आकाश राखण्याचं. शत्रूला आपल्या हद्दीत येऊ द्यायचं नाही, आलाच तर गाठायचं, आणि आपल्या बॉम्बफेकी विमानांना सोबत करायची. त्यासाठी ते हलकं, चपळ, झटकन वर चढणारं हवं. बॉम्बफेकी विमानाचं काम ओझं वाहण्याचं. कापसानं गच्च भरलेली बंडी वळणावर जशी जपून घ्यावी लागते, तसं हे विमान. त्याला लांब जाता येतं, पण गाठलं गेलं तर पटकन गिरकी घेता येत नाही. म्हणून ते सोबतीनं जातं, नाहीतर रात्रीच्या अंधारात.

स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बफेकी विमानं भंगारातून उभी राहिली, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. महायुद्ध संपल्यावर कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर विमानं सोडून दिली गेली आणि ती कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड करून ठेवली गेली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी ती उडण्याजोगी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी एकेक विमान बंगळूरला उडवत नेलं. तिथं त्यांची नीट डागडुजी झाली आणि नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांचं पहिलं पथक उभं राहिलं. मुन्शींचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लिबरेटरनंतर जेट युगात आलं ते कॅनबेरा. 1957 पासून 2007 पर्यंत, पन्नास वर्षं या ब्रिटिश विमानानं हवाई दलात चाकरी केली. दोन रोल्स-रॉइस एव्हन इंजिनं, रुंद पंख आणि कर्मचारी दोनच. वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली, एका कडेला बसायचा. नॅव्हिगेटर खाली नाकाड्यात. बॉम्ब टाकायची वेळ आली की तो पुढे सरकून पालथा पडायचा आणि काचेतून खालचं लक्ष्य बघत बॉम्ब सोडायचा. वैमानिकाच्या आसनाला संकटात बाहेर फेकणारी यंत्रणा होती, नॅव्हिगेटरला ती नव्हती. त्याला सरपटत दारापर्यंत जाऊन स्वतः उडी घ्यावी लागे. सप्टेंबर 1965 मध्ये रात्रीच्या वेळी पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानानं एक कॅनबेरा पाडलं. वैमानिक बाहेर फेकला गेला आणि वाचला, नॅव्हिगेटर गेला. बॉम्बफेकी विमानाच्या शौर्याबद्दल बोलताना त्या पालथ्या माणसाची आठवण आधी काढली पाहिजे.

या दोन जातींची कामाची वाटणी मराठी मुलखाशेजारी सगळ्यात स्वच्छ दिसली ती गोवामुक्तीच्या वेळी. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा पुण्याहून निघाली आणि दाबोळीच्या धावपट्टीवर त्यांनी काही मिनिटांत 63,000 पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. नंतर आणखी 8 कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. तिकडे बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उठलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र रॉकेटांनी उडवलं. धावपट्टी रुंद आणि लांब, तिच्यावर वजन ओतायचं, ते कॅनबेराचं काम. बिनतारी केंद्र छोटं, त्यावर नेमकी झडप घालायची, ते हंटरचं. पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं, म्हणून कॅनबेरांना भरदिवसा जाता आलं.

त्या दिवशीचा हुकूम असा होता की धावपट्टी निकामी करा, विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नका. तो पाळला गेला. बाजूला उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंही शाबूत राहिली. मग रात्री पोर्तुगिजांनी धावपट्टीचा थोडा भाग कसाबसा नीट केला आणि ती दोन्ही विमानं अंधारात खालून उडत कराचीला निसटली. धावपट्टी फोडणं हे अर्धंच काम. समोरचा ती किती लवकर बुजवतो, यावर उरलेलं अर्धं ठरतं.

दहा वर्षांनी, डिसेंबर 1971 मध्ये, हेच गणित उलट्या बाजूनं आपल्यापुढे आलं. पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक, जन्म नागपूरचा. जवळच्या माधापर गावच्या सुमारे 300 बायका पुढे आल्या आणि 72 तासांत त्यांनी धावपट्टी पुन्हा उभी केली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, विमान गेलं की पुन्हा पाटी उचलायची. त्याच महिन्यात पूर्वेला ढाक्याच्या तेजगाव तळावर आपल्या मिग-21 विमानांनी तीव्र सूर मारत 500 किलोचे बॉम्ब टाकले. धावपट्टीला खड्डे पडले आणि पाकिस्तानची सेबर विमानं जमिनीवरच अडकली. मिग मुळात अडवणारं लढाऊ विमान, त्यानं तिथं बॉम्बफेक्याचं काम केलं. पश्चिमेला तर मालवाहू एएन-12 विमानांच्या मागच्या दारातून बॉम्ब ढकलून पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलात हल्ला झाला. जातींच्या भिंती तिथंच ढासळू लागल्या होत्या. नाशिकजवळच्या ओझरला आधी मिग आणि मग सुखोई तयार झालं, ते याच वाटेनं.

मग सीमेपासून शेकडो कोस आत असलेल्या वऱ्हाडाचा या सगळ्याशी संबंध काय? पहिला संबंध अकोल्याच्या शिवणीत आहे. अमरावती रस्त्यावरची ही धावपट्टी 1943 सालची, म्हणजे ऐन महायुद्धातली. आदल्या वर्षी विशाखापट्टणम, काकिनाडा आणि कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले होते, आणि देशात ठिकठिकाणी धावपट्ट्या बांधण्याचा सपाटा सुरू होता. आतल्या मुलखातल्या धावपट्टीचा युद्धात उपयोग असतो तो असा, की विमानं एका जागी दाटीनं उभी न ठेवता पांगवता येतात आणि अडलेलं विमान उतरवायला जागा मिळते. दुसरा संबंध शेजारच्या नागपूरचा: हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती, देखभाल आणि सुटे भाग बघणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथं आहे. मागच्या फळीची अशी मेहनत नसेल, तर पुढच्या तळावरचं सुखोई दुसऱ्यांदा उडणार नाही.

अमरावतीचं बेलोरा 16 एप्रिल 2025 रोजी प्रवासी विमानांसाठी खुलं झालं. धावपट्टी 1,850 मीटर, तिच्यावर एटीआर हे छोटं प्रवासी विमान उतरतं. सुखोईसाठी ती नाही, तसा दावाही कुणी करू नये. पण शेजारीच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. वऱ्हाडातल्या पोरापोरींना विमान चालवायला शिकण्यासाठी आता मुलूख सोडावा लागणार नाही, ही मला एटीआरपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

शिवणीचं मात्र अजून अडलेलंच आहे. वयानं बेलोऱ्यापेक्षा थोरली असूनही तिच्यावर एटीआर उतरू शकत नाही, इतकी ती आखूड आहे. वाढवायची तर आणखी जमीन लागते. ज्यांची जमीन जाते, त्यांना तोलामोलाचा मोबदला देऊनच हा प्रश्न सुटला पाहिजे. डांबर, यंत्रं आणि हातांची इथं वानवा नाही. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.