लोभाचे दोन अर्थ

काही शब्द बायकांच्या वाट्याला जरा जास्तच येतात. 'हावरट' हा त्यातलाच एक. घरातल्या मुलाने चौथी पुरणपोळी घेतली तर 'खाणारा आहे हो, वाढतं वय आहे' असं कौतुक होतं. मुलीने तिसरीला हात पुढे केला की, 'हावरटासारखं काय करतेस? सासरी नाव ठेवतील!' आमच्या लहानपणी तर बायकांची पंगत सगळ्यात शेवटी बसायची. तोवर पातेल्यात काय उरायचं ते आपल्याला ठाऊकच आहे. हावरटपणा करायलासुद्धा समोर काही शिल्लक असावं लागतं की नाही?

मी पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नात 'हाव सुटणे' आलं, की निम्मा वर्ग ठरलेलं वाक्य लिहायचा, 'सावकाराला पैशाची हाव सुटली.' मार्क द्यायचे आणि पुढे जायचं. पण शब्द घेऊन बसायची सवय लागली ती लागलीच. आता निवृत्तीनंतर वेळही आहे.

तुम्हीही जरा आठवून बघा, आपल्या बोलण्यात या एका दोषाला किती नावं आहेत! हाव, हव्यास, लोभ, लालूच, सोस, वखवख. माणसाला म्हणायचं तर हावरट, अधाशी, लोभी, हपापलेला. सगळ्यांचा अर्थ एकच असता तर इतके शब्द टिकलेच नसते. फरक कळतो तो पुढे येणाऱ्या क्रियापदावरून. भूक लागते आणि जेवल्यावर शमते. हाव मात्र सुटते. दावं तोडून गुरू सुटावं तशी सुटते, मग आवरत नाही. लालूच एकट्याची नसते, ती कुणीतरी दुसऱ्याने दाखवावी लागते. वखवख पोटाची आणि नजरेची. हव्यास माणूस धरून बसतो, वर्षानुवर्षं.

आणि सोस? सोस असतो तो बहुतेक बायकांनाच! साड्यांचा सोस, दागिन्यांचा सोस, भांड्यांचा सोस. दर दोन वर्षांनी मोटरसायकल बदलणाऱ्या भाच्याला कुणी 'गाड्यांचा सोस' म्हणत नाही. त्याला 'शौक' असतो, फार तर 'नाद'. शेजाऱ्याचा बांध कोरत कोरत जमीन वाढवणारा माणूस गावात 'धोरणी' म्हणून ओळखला जातो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण एकदा लक्षात आलं की कानाला खटकायला लागतं.

'हौस' या शब्दाची गंमत तर वेगळीच. हा मूळचा अरबी 'हवस', फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत आजही 'हवस' म्हटलं की वासना, हाव असाच वाईट अर्थ निघतो. आपण मात्र त्याला असा घरचा करून टाकला की त्यातलं विष पार निघून गेलं. डोहाळजेवण हौसेने करायचं, नातवाचं बारसं हौसेने करायचं, आणि वर हौसेला मोल नसतं असंही म्हणायचं.

पण मला खरं बोलायचंय ते 'लोभ' या शब्दाबद्दल. षड्रिपूंमध्ये हा तिसरा: काम, क्रोध, लोभ. म्हणजे माणसाचा शत्रूच. कीर्तनात, प्रवचनात आपण तेच ऐकत आलो. आणि त्याच वेळी घरात येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी काय असायचं? 'लोभ असावा, ही विनंती.' माझी आत्या चौथीपर्यंत शिकलेली. पोस्टकार्डावर पावसापाण्याचं, म्हशीचं, सुनेच्या बाळंतपणाचं सगळं लिहून झालं की कोपऱ्यात उरलेल्या बोटभर जागेत 'लोभ आहेच, तो वाढावा' एवढं ती बसवायचीच. शत्रू म्हणून शिकवलेला शब्द आपण माणसांकडे मागून घेत होतो! 'नातवावर तिचा फार लोभ' म्हटलं की त्यात दोष नसतो. गोड दिसणाऱ्या बाळाला लोभस म्हणतो. म्हणजे पैशाचा, वस्तूचा तो लोभ वाईट आणि माणसाचा लोभ चांगला. एकाच शब्दाच्या दोन बाजू, आणि मराठी माणूस त्या कधी गोंधळत नाही.

गोंधळ होतो तो एकाच ठिकाणी, माहेरच्या जमिनीत.

माझ्या ओळखीतल्या एका बाईची हकीगत सांगते. ती कुठली, काय, ते राहू द्या. नवरा जिनिंगमध्ये कामाला, भाड्याच्या दोन खोल्या. माहेरी वडिलोपार्जित साडेचार एकर कोरडवाहू, दोन भाऊ आणि ही एकटी बहीण. आई आधीच गेलेली, मग वडील गेले. चौदाव्याला गोडाचं जेवण झालं आणि धाकट्या भावाने कागद पुढे ठेवला. 'ताई, इथे सही कर, तहसीलच्या कामाला लागते.' ती म्हणाली, 'वाचू का?' बस, एवढंच. भाऊ काही बोलला नाही. बोलली ती भावजय, 'वन्सं, एवढी हाव बरी नव्हे. साडीचोळी काय चुकवली का आम्ही कधी?'

मुद्दा असा की तिने अजून काही मागितलंच नव्हतं! फक्त वाचू का, असं विचारलं होतं. तो कागद हक्कसोडपत्राचा होता.

ती माझ्याकडे येऊन बसली तेव्हा तिला दीड एकराचं दुःख नव्हतं. तिचं एकच चाललं होतं, 'बाई, मला हावरी म्हणाली हो. आता माझ्यावर कुणाचा लोभ राहील का तिथं?' मी तिच्याकडे बघतच राहिले. एका वाक्यात दोन्ही अर्थ आले होते. आपल्याकडे बहिणीने एक लोभ दाखवला की दुसरा गेला, असा हा अलिखित करार आहे. म्हणून तर बहिणी मुकाट सही करतात. वाटा नको असतो म्हणून नाही, भाऊबीजेला दार उघडं राहावं म्हणून.

आता कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण 'पूर्वापार असंच चालतं' हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. हिंदू वारसा कायदा १९५६चा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर मुलगी ही मुलगा, पत्नी आणि आजी यांच्याच बरोबरीची वारस. हे १९५६पासून आहे, काल-परवाचं नाही! वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलाला जन्माने जो हक्क होता तो मुलीला नव्हता. आपल्या महाराष्ट्राने १९९४मध्ये तो दिला, पण २२ जून १९९४पूर्वी ज्यांची लग्नं झाली होती त्यांना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अटच उरली नाही. तरी 'वडील त्या तारखेला हयात होते का' यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५मध्ये हयात असोत वा नसोत. अपवाद आहेत. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती उकरून काढता येत नाही. आणि स्वकमाईचं वडिलांनी मृत्युपत्र करून कुणालाही दिलं असेल तर तो त्यांचा अधिकार.

म्हणजे तिचा दीड एकर कायद्याने तिचाच होता. आपल्याच ताटातला घास उचलण्याला हाव म्हणत नाहीत. हाव नेहमी दुसऱ्याच्या ताटाकडे बघते. मग त्या दिवशी त्या ओसरीवर हाव नक्की कुणाला सुटली होती?

थांबा, भावांवर एकदम तुटून पडू नका. भावांची बाजूही मी पाहिली आहे. दुष्काळात कर्ज काढून ज्याने विहीर खोदली, आईवडिलांची आजारपणं काढली, रात्री-अपरात्री दवाखान्याच्या बाकावर बसून काढल्या, तो भाऊ म्हणतो की मी केलं त्याचं काय? त्याचं म्हणणं खोटं नाही. आणि सहा-सहा वर्षं माहेरी न फिरकलेली, जमिनीला रस्ता लागून भाव आला तेव्हा वकील घेऊन उगवलेली बहीणही मी पाहिली आहे. पण तो हिशेब समोर बसून करायचा असतो. 'तू दवाखान्याचं केलंस, त्याचं इतकं धर' असं बहीणही म्हणू शकते. तोंडावर 'हावरट' शब्द फेकून मारला की हिशेब होतच नाही. तो शब्द त्यासाठीच फेकलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या राजीखुशीने हिस्सा सोडणाऱ्या बहिणीही आहेत, त्यांना मी वेडं म्हणणार नाही. भावाची परिस्थिती बेताची असेल, आपलं बरं चाललं असेल, तर जरूर सोडावं. फक्त आपण काय सोडतोय ते वाचून, समजून सोडावं. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदलं की मागे फिरणं फार अवघड. कोऱ्या कागदावर तर कुणालाच सही देऊ नका, अगदी सख्ख्या भावालासुद्धा. आणि भावानेही ते दान घेतल्यासारखं घ्यावं. 'बहिणींनी काही मागितलं नाही, आमचं घराणंच तसं' अशी फुशारकी मारू नये.

तर त्या बाईने सही केली नाही. भांडलीही नाही. ती म्हणाली, 'जमीन तुम्हीच कसा, पीक तुम्हीच खा, माझं फक्त नाव लागू दे.' वारस नोंदीत तिचं नाव लागलं. पहिल्या दिवाळीला माहेरून फोन आला नाही. तिने आपणहून फराळाचा डबा पाठवला, तो रिकामासुद्धा परत आला नाही. दुसऱ्या वर्षी मोठ्या भावाचा मुलगा भाऊबीजेला येऊन अर्धा तास बसून गेला. धाकटा भाऊ अजून बोलत नाही. ती म्हणते, 'सातबाऱ्यावर माझं नाव मोबाईलवर दिसतं. कधीतरी रात्री उघडून बघते नुसती.' त्या बघण्याला काय म्हणायचं? हाव तर नाहीच. हौस म्हणा हवं तर.

मागच्या महिन्यात तिच्याकडे कोण आलं असेल? तीच भावजय. उन्हातून, एकटी, नवऱ्याला न सांगता. तिचे वडील पावसाळ्यात गेले, आणि तिकडच्या भावांनीही कागद तयार ठेवलाय. पाणी प्यायली, बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि मग म्हणाली, 'वन्सं, तो वारस नोंदीचा अर्ज कुठं देतात?'

हिने सांगितलं. तलाठ्याकडे, मृत्यूचा दाखला जोडून, तीन महिन्यांच्या आत. सगळ्या वारसांची नावं लिहायची, एकही गाळायचं नाही. मग चहा टाकला.